चष्मेवाल्या काकांची वाट

४ फेब्रुवारी

आज परत! मी वाफ्यात बसलेली, हात चिखलात, केस पिंजारलेले — आणि फाटकाशी ते खाकरणं. शेजारचे चष्मेवाले काका. आधी खाकरतात, मग थांबतात, मग आमच्या बागेतून तिरके चालत मागच्या गल्लीत. वहिवाट म्हणे! पुढचा चांगला रस्ता यांना काय खायला उठतो?

वाट नेमकी लिंबाजवळून जाते. तिथेच तर मला शिवणाची खोली हवी आहे. जेवणाच्या टेबलावर मशीन मांडा, उचला, परत मांडा — वीट आलाय नुसता.

६ फेब्रुवारी

ह्यांनी काकांना सांगून टाकलं — वाट बंद, भिंत घालणार. "वाट बंद होणार नाही," काका म्हणाले. एवढंच. ह्यांचा पारा चढला. "मग मोजणीच आणतो!" तर काका एकदम नरमले. "मोजणी नको. हवं तर खोली जरा सरकवा."

घाबरले! कुठेतरी पाणी मुरतंय.

७ फेब्रुवारी

सासूबाई मटार सोलत होत्या. खोलीची हौस त्यांना माझ्याहून जास्त. पण मोजणी म्हटलं आणि हातातली शेंग हातातच राहिली. "मोजणी नको ग." अगदी काकांचेच शब्द! ही दोघं एकमेकांशी बोलतात तरी कधी?

१० फेब्रुवारी

आज शिवता शिवता खिडकीतून पाळतच ठेवली. त्या नादात गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला बाही उलटी जोडली! काका मागच्या फाटकापर्यंत गेले, गल्लीत उतरले आणि पुढच्या रस्त्याने फिरून सरळ घरी. काम काही नाही! जाताना पडलेलं लिंबू उचललं. म्हटलं, आता खिशात जाणार. तर आमच्या पायरीवर ठेवलं.

हा कसला भांडखोर माणूस? डोक्यात भुंगा लागलाय.

१५ फेब्रुवारी

मोजणी ठरली. सासूबाई जेवल्या नाहीत.

२१ फेब्रुवारी

मोजणीदार आला, फिती ओढल्या, चुना टाकला. काकांच्या कुंपणाशी नाही — आमच्या स्वयंपाकघराच्या पायरीला लागून! "हद्द इथे." लिंबू, गुलाब, वाफे, माझी खोली, सगळं पलीकडे. हे त्या मोजणीदाराच्याच अंगावर धावून गेले.

"ओरडू नकोस त्याच्यावर," सासूबाई दारातून म्हणाल्या. "काकांच्या वडिलांनी आपल्याला लावायला दिली होती बाग. वाट तेवढी राहू द्या म्हणाले. तुझे बाबा सगळ्यांना आपलीच म्हणून सांगत राहिले. मीही गप्प बसले."

मी काकांना विचारलंच — "अहो, मग बोलला का नाहीत?"

"बाग तुम्ही केलीत. मी रोज एकदा चालून आलो की मला पुरे होतं," म्हणाले. आणि त्या चुन्याकडे असं बघत राहिले, की जणू चूक त्यांचीच!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२२ फेब्रुवारी

लिंबाला पाणी घालायचं होतं. बादली घेऊन पायरीपर्यंत गेले. पाय खाली उतरेना. मग मीच खाकरले — आणि थांबले.