अंगुरीच्या चेहऱ्याची डावी बाजू

रिसोड, ता. ८ ऑगस्ट १९३७

ती. स्व. कैलासचंद मामांच्या चरणी देवेंद्रकुमारचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

इकडे सर्व क्षेम. कॅमेरा आला. दुकानामागची पोत्यांची खोली बाबांकडून मागून घेतली आणि उत्तरेला एक खिडकी पाडली. आता अडचण उजेडाची आहे. जगदेव हमालाचा पहिला फोटो काढला, तर पागोटं आलं, तोंड आलं नाही. बाबा म्हणाले, ओळखू येतो, पागोटं त्याचंच आहे.

उजेड कसा पाडावा हे शिकवणारं कोणी भेटत नाही. फिल्मच्या डबीतला कागद एवढंच सांगतो की सूर्य पाठीशी घ्या. अकोल्याला एका फोटोवाल्याकडे चार दिवस राहिलो. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की तो मला पान आणायला धाडी, आणि मी परत येईतो फोटो झालेला असे. चार दिवसांत मी पानं शिकून आलो. तुमचा जन्म शाळेत गेला, पुस्तकवाल्यांत तुमची ऊठबस. एखादं चांगलं पुस्तक मिळवून द्याच.

घाई अशी की धाकट्या अंगुरीचा फोटो कामरगावच्या स्थळाला पाठवायचा आहे. मुलाकडची माणसं फोटो पाहूनच पुढचं बोलणार आहेत. आई म्हणते, घरात कॅमेरा असताना बाहेर कायले जायचं.

आपल्या लोभाचा उजेड या पामरावर पडत राहावा.
आपला भाचा,
देवेंद्रकुमार

वाशीम, ता. १९ ऑगस्ट १९३७

चि. देवेंद्रकुमार यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्यापायी या वयात गाव पालथा घातला. शाळेच्या कपाटात 'प्रकाश' या सदराखाली दोन पुस्तकं निघाली, एक ग्रहणाचं आणि एक आत्म्याचं. वाचनालयाचे रामराव म्हणाले की फोटोचं एक पुस्तक होतं, पण ते नेणारा वाचक वारला आणि घरच्यांचं वाचन अजून संपायचं आहे. शेवटी ते सापडलं निजामुद्दीन घड्याळवाल्याकडे. कोण्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात एका घड्याळाबरोबर पुस्तकही त्याच्या गळ्यात पडलं होतं. ते टेबलाच्या पायाखाली होतं. आता टेबल डुगडुगतं, पण तुझी विद्या उभी राहील. मोबदल्यात त्याला स्वतःचा फोटो हवा आहे, दाढीसकट.

इंग्रजी तुला झेपायचं नाही, म्हणून मराठीत पाठ करून धाडतो. पाठ पहिला: उजेड एकाच खिडकीचा घ्यावा. उजेड एक असला की सगळ्या सावल्या एकाच बाजूला पडतात. नाकाची सावली एकीकडे आणि खुर्चीची दुसरीकडे गेली, तर खोलीत दोन सूर्य आणलेस असं समज. पाठ दुसरा: उजेड अर्ध्याच चेहऱ्यावर पडू द्यावा, उरलेला सावलीत ठेवावा, म्हणजे मुद्रेला खोली येते.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसलो. चौथीत पावसानं कौलं गळू लागली की आमचे पंतोजी पाटीचा अभ्यास थांबवून कविता म्हणायला लावीत. साठ पोरं एका सुरात चंद्राला हाक मारायची. तेव्हापासून मला पौर्णिमेपेक्षा अष्टमीचा चंद्र प्यारा. पौर्णिमा सगळं सांगून टाकते, अष्टमी काही राखून ठेवते. पुस्तक लिहिणाऱ्या साहेबालाही हे कळलं होतं, आश्चर्य आहे.

पत्र अंगुरीकडून मोठ्यानं वाचून घे. तुझ्या हाती दिलं तर तू शेवट आधी वाचतोस.

मामाची आठवण टेबलाच्या पायाखाली जाऊ देऊ नये.
तुझा मामा,
कैलासचंद

रिसोड, ता. २८ सप्टेंबर १९३७

ती. दादास हिराचा नमस्कार, जयजिनेंद्र.

आठ दिसांमागं क्षमावाणी झाली. त्या दिशी मी तुमाले सालभराची क्षमा केली अन् तुमच्यापासून मागितली. हे प्रकरण त्यानंतरचं हाय, त्याले ती क्षमा लागू नाही.

तुमच्या पाठाबरहुकूम देवेंद्रानं फोटो काढला. एका कानापासून नाकापर्यंत पोरगी, पुढं अमावस्या. आमी बापडे तुमच्यावर भरोसा ठेवून तो कामरगावले धाडून बसलो. मुलाच्या आत्याबाईचा निरोप आला का पोरीले डावा डोळा हाय का, अन् असला तर दाखवाले काय हरकत हाय. मंग देवेंद्रानं हुशारी केली. खुर्ची फिरवली अन् डाव्या अंगानं उजेड घेऊन दुसरा फोटो धाडला. त्यांनी दोनी शेजारी ठेवले अन् म्हणे ह्या दोघी बहिणी दिसतात, आमाले यातली कोणती देता.

शेजारची रुपाबाई रोज विरजण मागाच्या मिषानं येते अन् पोरीच्या डाव्या अंगाले बसते. गावात तिचं नाव 'अर्धी' पडून राह्यलं. तुमाले अष्टमीचं कौतुक, पण हे स्थळ गेलं तर अर्ध्या पोरीच्या दारात दुसरा कोणी काहून येईन, हे सांगा.

त्यांच्या मुलाचा फोटो पाहा म्हणावं. कोट, घड्याळाची साखळी, खुर्ची, अन् तोंडभर उजेड. पंचविशीचा, अजून बिनलग्नाचा. त्याले म्हणतात फोटो.

बहिणीवर माया असन तर कविता आवरा.
तुमची,
हिरा

वाशीम, ता. ५ ऑक्टोबर १९३७

चि. सौ. हिराबाईस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. इतकं जोरकस गद्य माझ्या एकाही विद्यार्थ्यानं लिहिलं नाही. कामरगावकरांना चंद्राची पाठ पाहिल्याशिवाय चांदणं मंजूर नाही, त्याला माझा इलाज नाही. मात्र पुस्तक पुन्हा उघडलं तेव्हा दिसलं की दुसऱ्या पाठाला आणखी एक पान होतं. सावलीच्या बाजूला पांढरी चादर टांगावी, म्हणजे खिडकीचा उजेड तिच्यावरून उलटून गालावर येतो आणि सावली नितळते. मला ते पान धोब्यासाठी लिहिल्यासारखं वाटलं होतं, म्हणून गाळलं होतं. चादर टांगून तिसरा फोटो काढा. पोरीचे दोन्ही डोळे मी पाहिले आहेत, ते चादरीला लाजवतील.

आणि मुलाचा फोटो एवढा नमुनेदार असेल, तर देवेंद्रला तोच समोर ठेवून शिकू दे. चांगला नमुना मिळाला की पुस्तकाची गरज निम्मी होते, आणि माझी तर उरतच नाही.

रागाची धार अशीच राहो, पण तिचं तोंड दुसरीकडे वळो.
तुझा दादा,
कैलासचंद

रिसोड, ता. २४ ऑक्टोबर १९३७

ती. स्व. मामांस अंगुरीचा कृतानेक नमस्कार, वि. वि.

यावेळी पत्र मी लिहिते. आई लिहिणार होती, पण ती म्हणते, दादाचं खरं झालं हे माझ्या हातानं लिहवणार नाही.

तुमची आज्ञा म्हणून देवेंद्रदादानं मुलाचा फोटो खिडकीशी उभा केला आणि मी पहिला पाठ मोठ्यानं वाचला. नाकाची सावली डावीकडे होती, खुर्चीची उजवीकडे. दादा म्हणाला, दोन खिडक्या असतील. मी म्हटलं, एक डोक्यासाठी आणि एक खुर्चीसाठी? मग भिंगातून पाहिलं. कॉलरच्या वर गळ्याभोवती कातरीची बारीक कड दिसली. तेवढ्यात दादानं कपाळावर हात मारला. तीच खुर्ची, तोच कोट आणि तीच साखळी अकोल्याच्या त्या फोटोवाल्याकडे भिंतीवरच्या फोटोंत होती, डोकी मात्र निरनिराळी. गिऱ्हाईक आपलं डोकं आणतं, कोट त्याच्याकडे तयार असतो. पानं आणण्यात दादाचे चार दिवस अगदीच वाया गेले नाहीत म्हणायचे.

डोकं कोणत्या फोटोतलं, तेही भिंगानंच सांगितलं. उजव्या कानामागे दोरीचा एक तुकडा खरवडायचा राहिला होता. आई म्हणाली, ही तर बाशिंगाची दोरी. म्हणजे डोकं लग्नातल्या फोटोचं, नवरदेव आधीच एकदा बोहल्यावर चढलेला. आईनं तो फोटो उचलला आणि दुकानात बाबांपुढे नेऊन ठेवला.

दुकानात गिऱ्हाइकाशीही मोजकं बोलणारे बाबा स्वतः कामरगावला जाऊन आले. लग्न अकरा वर्षांमागचं. पहिली बायको हयात आहे, तिला माहेरी बसवून ठेवली आहे. त्या डोक्यावर आता केसही उरले नाहीत. आत्याबाई म्हणाल्या की फोटोत थोडं इकडचं तिकडं चालायचंच, तुम्ही नाही का अर्धी मुलगी दाखवली. बाबा म्हणाले, आमची अर्धी दाखवली, पण ती सगळी आमचीच होती. माझे दोन्ही फोटो उचलून ते घरी आले.

गावात माझं नाव अजून 'अर्धी'च आहे. आता आई त्यावर भांडत नाही. पुढचं स्थळ आलं तर तिनं अट घातली आहे: मुलाचा फोटो आधी, तो दादानंच काढायचा, आमच्या ओट्यावर, भर दुपारी, कान उघडे ठेवून.

चादर टांगून काढलेला तिसरा फोटो छान आला. तो मी कुठेच जाऊ दिला नाही, तुम्हालाच पाठवते. निजामुद्दीनचाचांना दाखवा आणि सांगा की दाढीला चादर आणखी मोठी लागेल. आणि पुस्तकातली आणखी किती पानं गाळलीत, तेवढं कळवा. गद्य असेल तरी चालेल.

आशीर्वाद पूर्ण असावा, अष्टमीचा नको.
आपली, दोन्ही डोळ्यांची,
अंगुरी