दुसरी सायकल

अप्पा, मी दुसरी सायकल घेतली. पहिली घेतली तेव्हा मनातल्या मनातसुद्धा तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण ती ज्यासाठी घेतली ते तुम्हाला आवडलं नसतं. गावातली आपल्या गल्लीतली शिंप्याची पोरगी तुम्हाला आठवत असेलच. मला आठवते त्याहून तुम्हाला जास्त आठवत असेल, असं लिहायचा मोह होतोय, आणि तो का होतोय तेच या पत्रात सांगायचं आहे. ती पुढं नर्स झाली, लातूरलाच स्थायिक झाली, आणि नोकरी मुदतीआधीच सोडून दोन वर्षांपूर्वी सायकलवर लातूरहून नांदेडला गेली, एका दिवसात. हेल्मेट घातलेली, घामाघूम, मागं गोदावरी, असा तिचा फोटो आला. आमच्या सगळ्या कचेरीनं तो माझ्याच मोबाइलवर पाहिला. मीही लई कौतुक केलं, आणि पुढच्या रविवारी दुकानात जाऊन थेट तिच्यासारखीच सायकल आणली. वाकड्या हँडलची, बोटाएवढ्या टायरची. तिच्यावर माणूस देवासमोर वाकल्यासारखा ओणवा बसतो.

सायकल मी तुम्ही गेल्यावर शिकले, छत्तिसाव्या वर्षी, लेकीच्या सायकलवर. तुमच्याकडून शिकायचं राहिलं ते राहिलंच. तुम्ही जळकोटच्या शाळेत गुरुजी, मी तिथंच पाचवीत. रोज तुमच्या कॅरिअरवर पोत्यासारखी बसून जायची. शिंप्याची पोरगी मात्र पायी यायची. तिला नेणारं कुणी नव्हतं. एका उन्हाळ्यात तुम्ही कुठून तरी जुनी लेडीज सायकल आणली, निळा रंग दिला आणि खळ्यावर तिला शिकवायला लागलात. मी बाभळीखाली उभी आहे. तुम्ही सीट धरून धोतराचा सोगा सावरत तिच्या मागं पळताय, आणि मला तुमचं असं पळणं नवीन आहे. माझ्यासाठी तुम्ही कधी पळाला नव्हता. मी म्हटलं, मला पण शिकवा. तुम्ही म्हणालात, तुला काय गरज, तुला मी हाय की. जून लागल्यावर ती आपल्या शेजारून घंटी वाजवत जायची आणि मी मागं बसून तुमच्या सदऱ्याची पाठ बघायची.

एके दिवशी शाळा सुटायच्या आत मी तिच्या दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह काढले आणि शाळेच्या आडात टाकले. तुम्हाला कसं कळलं मला माहीत नाही. बहुतेक माझ्या हाताला लागलेलं काळं दिसलं असेल. तुम्ही मारलं नाही. मला वर्गात बोलावलं, दार लावलं आणि हळू आवाजात म्हणालात, "आज तिच्यासंगं पायी ये. का, ते तिला सांगू नको. मी बी सांगणार न्हाई." तुम्ही एकटेच पुढं निघून गेलात. आम्ही दोघी ती सायकल ढकलत चार मैल चाललो. अर्ध्या वाटेवर ती थांबली आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, गुरुजींच्या कॅरिअरवर आरामात गेली असतीस, माझ्यासाठी पायी चालायलीस. मी हँडल धरून सायकल पुढं ढकलायला लागले. त्या दिवसापासून मी तिची जिवाची मैत्रीण. अप्पा, चाळीस-पंचेचाळीस वर्षांची मैत्री त्या वाटेवर उभी आहे, आणि ती वाट कशानं घडली ते फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक.

तर ती पहिली सायकल. दोन वर्षं मी ती जिद्दीनं चालवली. औसा रोडला गेलं की अर्ध्या तासात हाताची बोटं बधिर व्हायची, मान आखडायची, आणि पुढं ती काळ्या चड्डीत, या वयात, वाऱ्यासारखी. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, सरळ बसून चालवा नाहीतर सोडा. मी सोडलीच असती. तीच म्हणाली, विकू नको, राहू दे कधीमधी चालवायला. रोजच्यासाठी सरळ हँडलची हायब्रिड घे. आणि दुकानात सोबत आली.

दुकानदारानं तीन सायकली काढल्या. पहिलीला पुढं स्प्रिंगा होत्या, पण ती इतकी जड की उचलून जिना चढणं माझ्यानं झालं नसतं. दुसरी देखणी होती, पण सीटवरून माझे पाय टेकत नव्हते. तिसरी साधी, राखाडी. हँडल सरळ आणि जरा उंच, सीट रुंद, टायर ना जाड ना बारीक, मागं कॅरिअर बसवायला जागा. बसल्याबरोबर पाठ सरळ झाली. समोर रस्ता दिसला, नुसतं पुढचं चाक नाही. मी गल्लीत एक फेरी मारायला निघाले, तर तिनं मागून सीट धरली. मी म्हटलं, सोड, मला येतं चालवता. ती हसली. म्हणाली, "गुरुजी मला म्हणायचे, परक्याची पोर हाय म्हणून तुझी सीट सोडवते. माझीला शिकवायला घेतलं तर माझा हात सुटायचा न्हाई."

मी फेरी मारली. गल्लीच्या टोकाला दुधाच्या दुकानासमोर थांबले आणि पाय टेकवून बराच वेळ उभी राहिले. कुणालाही वाटेल की त्या वाक्यानं माझा जीव निवला असेल. निवला, नाही म्हणत नाही. पण लगेच दुसरं मनात आलं. हे वाक्यसुद्धा तुम्ही तिलाच सांगितलंत. माझ्यावरची माया तुम्ही तिच्याजवळ ठेवायला दिलीत, आणि तिला ती मला द्यायला इतकी वर्षं लागली. मी रोज तुमच्या पाठीमागं बसलेली होते, अप्पा. नुसती मान वळवायची होती.

राखाडी सायकल घेतली. आता रोज सकाळी तिच्यावर जाते, सरळ बसून, हळू, भाजी आणायलासुद्धा. हात दुखत नाहीत. ती पुढं निघून जाते आणि नाक्यावर थांबते. मी पोचले की आम्ही चहा घेतो. मत्सर गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. पूर्वी तो तिच्या वेगाचा होता, आता तुमच्या आवाजाचा आहे, जो तिच्या कानात माझ्यापेक्षा जास्त साठलेला आहे. मध्येच ती, गुरुजी असं म्हणायचे, म्हणून काहीतरी सांगते आणि मी बशीत बघत राहते, पुढचं ऐकायची हाव लपवत.

हे कागद सायकलच्या वॉरंटी कार्डाच्या पाकिटात घालून ठेवते, ते पाकीट घरात कुणी उघडत नाही. गेल्या आठवड्यात तिचा गुडघा सुजला. म्हणाली, थोडे दिवस तुझी हायब्रिड देतेस का, वाकून बसवत नाही. मी म्हटलं, दिली असती ग, पण फ्रेम तुला मोठी होईल. तिला ते पटलं. खरं तर आमची दोघींची उंची अगदी सारखी आहे.