स्टॅलॅग्माइटचा मुहूर्त

४ जुलै २०१६, मुक्काम अप्पर हट, परदेश
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. माझ्या पश्चात बघू.
पीएचडीचा विषय सोपा आहे. गुहेत थेंब थेंब साचून जमिनीवर चुन्याचा खांब वाढतो, तो स्टॅलॅग्माइट. प्रत्येक थरात त्या काळच्या हवेतला रेडिओकार्बन अडकतो. थर खरवडायचा, मोजायचा, हजारो वर्षांपूर्वीची हवा हातात! फक्त गुहेच्या चुनखडीतला जुना, मेलेला (म्हणजे ज्यातला रेडिओकार्बन कधीच संपलाय असा) कार्बनही त्यात मिसळतो. तेवढा वजा करायचा. किरकोळ काम.
गुहेच्या मालकाने एकच स्टॅलॅग्माइट दिलाय. उभा चिरून अर्धा त्याला परत केला. उरलेल्या अर्ध्यावर माझी पीएचडी. स्कॉलरशिप मार्चपर्यंत.
उद्यापासून ड्रिलिंग. रोज.

५ जुलै
पाऊस. ट्रेन लेट. मूड गेला.

२२ ऑगस्ट
ड्रिलिंग अजून नाही. घाई केली की चुका होतात. संपदा (बायको, हॉस्पिटलात नर्स) म्हणाली, तुझ्यापेक्षा तो दगड लवकर वाढेल. डबल शिफ्ट करून माणूस कडवट होतो. समजू शकतो.

१९ सप्टेंबर
माझी गाइड हेलन, तिने विचारलं, काही प्रोग्रेस? म्हटलं, हीप्स. म्हणजे इकडच्या भाषेत ढीगभर.
खंडेनवमी जवळ आलीय. चांगला दिवस बघून एकदाच काय ते उरकावं.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी
झालं! लॅबमध्ये कुणी यायच्या आत ड्रिलची पूजा केली. हळदकुंकू, कॅमेलियाचं फूल, टेबलावर पुण्याहून आणलेली पांढरी रांगोळी, सुबक. उदबत्ती मुद्दाम लावली नाही. धुरात कार्बन असतो. शेवटी शास्त्रज्ञ आहे मी.
मग दिवसभर ड्रिलिंग. वरपासून खालपर्यंत सगळे थर खरवडून संपवले, दगड काही उरला नाही. ड्रिलने पूड इकडेतिकडे उडाली, रांगोळी विस्कटली, पण ब्रशने सगळी पूड गोळा करून बाटल्यांत भरली. एक कणही वाया घालवला नाही. संस्कार!
पूजेचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. आईने बारा नमस्कार पाठवले.

१६ जानेवारी २०१७
रिझल्ट!! हवेतला रेडिओकार्बन कोसळलेला. एका थरात नव्हे, सगळ्याच. आजवर जगात कुणालाच असं दिसलेलं नाही, म्हणजे शोध माझाच.
संपदाने विचारलं, बाकी सगळे चुकले आणि तू एकटा बरोबर? विज्ञानात असंच होतं, असं शांतपणे सांगितलं. पेपरात छापायला फोटो लागेल. दाढी ठेवावी का?

२४ जानेवारी
हेलनशी मीटिंग. तिचं म्हणणं, इतका मेलेला कार्बन म्हणजे कुठल्यातरी दगडाची पूड मिसळली असणार. अशक्य, मी ठणकावून सांगितलं. टेबल किती स्वच्छ होतं याचा पुरावा म्हणून पूजेचा फोटो मीच उघडून दिला.
तिने तो मोठा करून पाहिला. हे पांढरं काय? मी सांस्कृतिक माहिती दिली. रांगोळी, शुभ असते. तिने विचारलं, कशाची करतात?
संगमरवराची पूड, म्हणालो. म्हणालो आणि फोटो बंद केला.

२५ जानेवारी
तो ब्रश सारखा डोळ्यांसमोर येतोय.
हेलनने गुहेच्या मालकाला फोन केला. त्याला परत केलेला अर्धा दगड त्याने गुहेत होता तिथेच नेऊन ठेवलाय. आता तो हलवू देणार नाही. सॉरी मेट, म्हणाला. चूक त्याची नाहीच.
काय करावं काही सुचत नाही. संपदा टोमणा मारेल म्हणून वाट पाहत होतो. तिने पोहे करून समोर ठेवले. तेव्हा रडू आलं.

२ मार्च
रिपोर्टला जोडायला पुरावा हवा म्हणून हेलनने रांगोळीच्या पाकिटातली चिमूटभर मोजायला पाठवली होती. आधी अंदाज लिहून दे, म्हणाली. मी लिहिलं होतं, पूर्ण मेलेला, रेडिओकार्बन शून्य.
आज रिझल्ट आला. शून्य.
अख्ख्या पीएचडीत माझा अंदाज बरोबर निघालेलं हे एकच सॅम्पल.