उमेदवाराची संमती

५ जानेवारी, सोमवार

संध्या वकील आज मंडळाच्या ऑफिसात येऊन घाबरवून गेल्या! नवा कायदा आलाय म्हणे. वधू-वर मंडळाची वेबसाइट असली तरी सुटका नाही. ज्याची माहिती, त्याची संमती हवी. साइट उघडणाऱ्यालाही आधी विचारायचं — तुमची कुकी ठेवू का? म्हणजे कोण आलं, काय पाहिलं, त्याची खूण.

मी म्हटलं, मॅडम, दोनशे बारा उमेदवार आहेत, प्रत्येकाच्या वडिलांनी माहिती स्वतः आणून दिलीय. तर म्हणतात, "मग लग्न वडिलांचं लावताय का?" सगळे हसले. मी सचिव, मलाही हसावं लागलं.

पंधरा दिवसांची मुदत. जो हो म्हणणार नाही, त्याची माहिती काढायची. भिवपुरीच्या वीजकेंद्रात तीस वर्षं काढली, पण एवढा शॉक कधी बसला नव्हता.

७ जानेवारी, बुधवार

साइटवर कुकीची पट्टी बसवली — 'स्वीकार' किंवा 'नकार'. सकाळपासून फोनच फोन! चौक गावचा चांगो, नातीसाठी स्थळ बघतोय, तो तर गयावया करत होता. "भाऊ, खाली पट्टी आलेय रं. स्वीकार दाबलं तर सात-बाऱ्याला काय होणार नाय ना? मागं एका एजंटानं असाच अंगठा घेतला, आता तितं कुणाचा तरी फार्महाऊस हाय!"

अर्धा तास समजावलं. शेवटी त्याने नकारच दाबला.

९ जानेवारी, शुक्रवार

सगळ्या उमेदवारांना संमतीचे ओटीपी पाठवले. दोन तासांत एकशे नव्वद होकार! समाज किती पुढे गेला, असं विनिताला कौतुकाने सांगायला गेलो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "फॉर्मवर नंबर कोणाचे आहेत?"

बापांचे! झाडून सगळे बापांचे. त्यांनीच ओटीपी टाकून हात झटकले.

सगळं रद्द. आता मुलामुलींचे नंबर मागतोय. एक गृहस्थ भडकले — पोरीचा नंबर परक्याला द्यायचा? म्हटलं, अहो, फोटो, उंची, रास, सगळं तुम्हीच दिलंत की जगाला!

१० जानेवारी, शनिवार

कालच्या ज्या ओटीपींना उत्तरच आलं नाही, त्यांतला एक कोणाचा ते मला पक्कं ठाऊक आहे. तो माझ्याच मोबाइलवर आलाय.

११ जानेवारी, रविवार

लिहूनच टाकतो. अपेक्षाची माहिती दोन वर्षांपूर्वी मीच साइटवर टाकली. पोटच्या पोरीला न विचारता. नंबर माझा. विनिता तेव्हाच म्हणाली होती, आधी तिला सांगा. मी म्हटलं, स्थळ येऊ दे, मग सांगू.

आता स्थळ आलंय. मोहोपाड्याचं. मुलगा ओमकार, रसायनीच्या कारखान्यात इंजिनिअर. वडील सज्जन, दोनदा फोन केला — कधी येऊ बघायला? असं स्थळ पुन्हा चालून येणार नाही. आणि अपेक्षा एकोणतिशीची. लग्नाचं नाव काढलं की ताट उचलून आत जाते. विचारलं तर नाही म्हणेल. नाही म्हणाली तर माहिती काढावी लागेल, आणि मोहोपाडा गेलं!

सहा आकडे टाकायचे. कोणाला कळणार आहे?

१२ जानेवारी, सोमवार

आज साइटवर एकशे चाळीस जण आले. नकार दाबणारे एकशे एकतीस. का दाबला ते विचारायचं होतं, पण कोण ते कळायला मार्ग नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

अपेक्षाचा ओटीपी नव्याने मागवला. तीन आकडे टाकले. तेवढ्यात चांगोचा फोन.

"भाऊ, नात नाय म्हनली. शिकायचंय तिला. माज्या तोंडावर नाय म्हनली!"

वाटलं, आता माझ्यावर उखडतो. पण त्याचा आवाज भलताच खुशीत. "काडून टाक तिचं सगलं. इचारलं म्हून कललं रं, नायतर मांडवात कललं असतं!"

फार लाज वाटली. उरलेले तीन आकडे टाकले नाहीत.

१५ जानेवारी, गुरुवार

काढली! अपेक्षाची माहिती काढली. फोटो, पत्रिका, सगळं, कायमचं.

वाईट वाटतंय. ओमकारसारखा मुलगा आता कुठे शोधू? पण छाती जरा फुगलीय, खोटं कशाला बोलू? कायदा आधी स्वतःच्या घरात पाळला. मोहोपाड्याला काहीतरी सांगता येईल. अपेक्षाला काही कळलं नाही, कळायची गरजही नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

सकाळीच अपेक्षा समोर उभी, डोळे लाल. साइटवरून मोहोपाड्याला आपोआप मेसेज गेलाय — 'उमेदवाराने आपली माहिती मागे घेतली आहे.' ओमकारने तो तिलाच पाठवलाय. खाली लिहिलंय, 'माझं काय चुकलं?'

स्वतःची माहिती तिने साइटवर कधीच पाहिली होती! ओमकारला पहिला निरोप तिनेच पाठवलेला. तीन महिने बोलतायत दोघं. त्याच्या वडिलांना फोन करायला लावणारीही हीच!

"टाकताना नाही विचारलंत, ठीक आहे. बाबा, काढताना तरी विचारायचंत!"