दोन बोटं खाली

प्रिय अक्का,

फोन न करता पत्र लिहितेय, याचं कारण तुला माहीत आहे. फोनवर मी गाडीचं नाव काढलं की तुझ्या गॅसवरचं दूध उतू जातं. समोर बसून बोलायला लागले तर तू चहा टाकायला आत जातेस. पत्राला काही चहा देता येत नाही, तेव्हा हे शेवटपर्यंत वाचावंच लागेल. आणि नीट वाच, कारण तुझी धाकटी बहीण आज मैदान मारून बसली आहे.

माझी लाल गाडी तू फोटोत पाहिलीस तेव्हा म्हणाली होतीस, ही तर कॉलेजातल्या पोरांची गाडी दिसते. बरोबर आहे. कॉलेजातली पोरंच तिच्याभोवती जास्त घुटमळतात, आणि ती त्यांच्या फिजिक्सच्या मॅडमची आहे म्हटल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आमच्या ह्यांना उंच गाडी हवी होती. पलटणीत उभा जन्म जीपमध्ये गेला, त्यामुळे ज्या गाडीत चढावं लागत नाही ती गाडीच नव्हे असं त्यांचं मत. मी ऐकलं नाही. दणकट इंजिनाची, नाकाने चपटी सेडान घेतली आणि पलूसहून सांगलीला रोज जाते-येते. चालवताना मला काही होत नाही, आणि आपल्या घराण्यात हाच मोठा चमत्कार आहे.

गाडी लागणं हे आपल्याला आईकडून मिळालेलं स्त्रीधन. आठवतं, औंधच्या यमाईला जाताना एसटीत आपण तिघी तीन खिडक्या धरून बसायचो? अण्णा मधल्या वाटेत लिंबू घेऊन उभे. कंडक्टर तिकीट देण्याआधी बायांना कुठे बसवणार ते विचारायचा. मग तुझं लग्न झालं, आणि तुला दिली ती थेट यवतेश्वरच्या घाटावर. वरातीच्या जीपमध्ये वळणावळणावर तुझी काय दशा झाली ते सासरच्यांनी पुढे किती वर्षं पुरवून पुरवून सांगितलं! दाजींनी मात्र एकदाही थट्टा केली नाही. त्यांनी सरळ मोटारसायकल घेतली. मोटारसायकलवर तुला काही होत नाही हे त्यांनीच शोधून काढलं. उन्हातान्हात त्यांच्या मागे बसून, पदर तोंडाला गुंडाळून, तू माहेरी रहिमतपूरला यायचीस आणि उतरल्या उतरल्या भूक लागली म्हणायचीस.

दाजी गेले, मोटारसायकल पडवीत झाकून ठेवली गेली, आणि तू घाट उतरायची थांबलीस. सख्खा भाऊ जयराज न्यायला आला तर गाडी लागते. भाचीचं लग्न, तरी गाडी लागते. आई दर रविवारी फोनवर एकच विचारते, शालू कधी येणार. तू दर रविवारी एकच उत्तर देतेस. तुम्हा दोघींच्या मधे उभी राहून मी कंटाळले, अक्का. मला राग आला, खरं सांगते. तुझ्यावर नाही, आईवर नाही, गाडीच्या त्या डुलण्यावर आला.

झालं असं की दिवाळीच्या सुट्टीत आमचे हे गाडी चालवत होते आणि मी मागे बसले. कालव्याच्या रस्त्यावर चार वळणं झाली आणि माझ्या पोटात कालवायला लागलं. डोळे मिटून बसले, आणि मग नीट लक्ष दिलं. गाडी वळणात एका बाजूला कलायची, वळण संपलं तरी परत सरळ व्हायला वेळ घ्यायची, तोवर पुढचं वळण यायचं. माझं पोट त्या कलण्याच्या मागे मागे धावत होतं. वीस वर्षं मी पोरांना फळ्यावर स्प्रिंग शिकवतेय, पण स्वतःच्या गाडीच्या चार स्प्रिंगांकडे कधी वाकून पाहिलं नव्हतं. मनात आलं, हे कलणंच कमी केलं तर? मग आपल्यासारखं माणूसही मागच्या सीटवर बसू शकेल की नाही?

सांगलीत धनाजी म्हणून एक गॅरेजवाला आहे, पोरं त्याच्याकडेच गाड्या खाली, म्हणजे जमिनीच्या जवळ, करून घेतात; गाडी जितकी खाली तितकी कमी कलते. मी गेल्यावर त्याने आधी विचारलं, मुलाची गाडी का. मी माझीच म्हटल्यावर खुर्ची पुसून दिली. गाडी खाली करायचे हजार प्रकार त्याने दाखवले. सगळ्यात स्वस्तातला म्हणजे आहे तीच स्प्रिंग कापायची. ते मी ऐकूनही घेतलं नाही. कापलेली स्प्रिंग कडक होते खरी, पण बुटकी होऊन खड्ड्यात तळाला आपटते, आणि आपला जीव तिच्यावर टाकायचा असतो. मग वेगवेगळ्या कंपन्यांच्या तयार स्प्रिंगा. पोरं त्या बोटांनी मोजतात. चाक आणि त्याच्या वरची कमान यांच्यात किती बोटं मावतात, त्यावरून गाडीची इज्जत ठरते. साईराज नावाच्या एका पोराची गाडी इतकी खाली की बोट सोडा, नखही जात नाही. त्याने मला कौतुकाने मिरजेपर्यंत फिरवून आणलं. डुलली अजिबात नाही, पण माझी कंबर अजून त्याचं नाव काढते.

म्हणून मी मधली निवडली. गाडी पहिल्यापेक्षा तीन बोटं खाली, स्प्रिंग चांगली कडक. बसवून घेतली, मोकळ्या रस्त्यावर एकटीने फिरवली, आणि आनंदाने वेडी व्हायची राहिले. वळणात गाडी जमिनीला धरून जात होती. घरी येऊन ह्यांना म्हटलं, बघा, जमलं.

दुसऱ्याच दिवशी नाक कापलं गेलं. तासगावला साखरपुडा होता. हे पुढे, मागे सासूबाई, जाऊबाई आणि शेजारच्या लीलाबाई. डिकीत गुळाच्या ढेपा, कारण तासगावला चाललीच आहेस तर एवढं टाक म्हणून कुणीतरी आणून ठेवल्या. वेशीतला गतिरोधक तुला माहीत नाही, तो गावानेच घातलाय, आणि गावाने घातलेला गतिरोधक म्हणजे छोटा बांधच असतो. त्याच्यावर गाडी गेली आणि गाडीचं पोट मागून असं घासलं की पारावरची माणसं उठून उभी राहिली. सगळ्यांना उतरवावं लागलं. ढेपा हातात घेऊन नटूनथटून बायका गतिरोधकाच्या पलीकडे चालत गेल्या. हे खाली वाकून बघून आले, गुडघे झटकले आणि उरलेली ढेप उचलून बायकांच्या मागे निघाले.

त्या रात्री मला कळलं, माझं चुकलं कुठे. मी गाडी मोकळी तपासली. आपल्याकडे गाडी मोकळी कधी जाते गं? सांगलीला निघालं की कुणाला तरी दवाखान्यात जायचं असतं, कुणाचं पोतं असतं, कुणाची सून माहेरी निघालेली असते. पुस्तकातली गाडी रिकामी असते, आपली भरलेली. मग मी शहाणपण केलं. तीच माणसं, त्याच ढेपा पुन्हा गाडीत भरल्या आणि साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेले. हंगाम जोरात, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि त्या रांगेत माझी लाल गाडी. ट्रॅक्टरवाले हसून लोटपोट. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून डोकं काढून विचारलं, ऊस कुठाय. आधी पुढची चाकं काट्यावर घेतली, मग मागची. तेव्हा कळलं की भरलेली गाडी सगळा भार मागे टाकते, आणि मी बघत बसले होते पुढच्या चाकाची बोटं.

ते आकडे घेऊन धनाजीकडे गेले. आम्ही दोघांनी बसून नवी निवड केली. दोनच बोटं खाली. आणि स्प्रिंग अशी, की तिचे वेढे एका टोकाला जवळ जवळ आणि दुसऱ्या टोकाला लांब लांब. थोडा भार असला की मऊ राहते, भार वाढला की कडक होते. पोरांच्या दृष्टीने ही अगदीच भित्री निवड. साईराज तर म्हणाला, मॅडम, एवढंच करायचं तर केलं कशाला. मी त्याला म्हटलं, तुझी गाडी बघायला आहे, माझी बसायला.

मग तपासणी सुरू झाली. मोजायचं यंत्र म्हणजे माझं पोट. हे चालवायचे, मी मागे. कालव्याचा रस्ता पार पडला. मग माझ्याहून नाजूक माणूस हवं म्हणून लीलाबाईंना घातलं. त्यांना रिक्षातही गाडी लागते. विट्यापर्यंत नेलं आणि परत आणलं, वाटेत त्यांनी भडंग खाल्लं. वेशीतल्या गतिरोधकावरून पाच माणसं आणि डिकीत पोती घेऊन गाडी तिरकी न घेता सरळ गेली, आवाज नाही. त्या दिवशी आमचे हे स्वतःहून म्हणाले की उंच गाडीचं नंतर बघू. एवढी पावती मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली.

आता खरं सांगायचं ते. गेल्या रविवारी मी रहिमतपूरला गेले. आईला म्हटलं, गाडी तयार झाली, आता अक्काला आणते. ती भाजी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, “तिला गाडी लागत न्हाई गं. रिकामं घर सोडवत न्हाई तिला. तू बोलवू नगंस, मलाच घिऊन चल.” मी म्हटलं, आई, घाट आहे. ती म्हणाली, “व्हय, आन तिथं माझी लेक हाय.”

अक्का, मी स्प्रिंग शोधत राहिले आणि आईने एका वाक्यात निकाल दिला. कुलूप लावून घाट उतरलं की दाजी त्या घरात एकटे राहतात असं तुला वाटतं, हो ना? तू कधी बोलली नाहीस, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, ते मला अजून कळत नाही. पण डुलणं मी काढू शकत होते, म्हणून ते काढलं.

हे पत्र मी यवतेश्वराच्या देवळाबाहेर, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहितेय. आज सकाळी आम्ही रहिमतपूरहून निघालो. हे चालवत होते. आई मागे, उजव्या खिडकीशी. मांडीवर लिंबू, पिशवी आणि मनात यमाई, अशी तयारीने बसली होती. साताऱ्यातल्या समर्थ मंदिरापासून घाटाला लागलो तेव्हा मी वळणं मोजायला लागले. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्यानंतर मागून काही आवाज येईना म्हणून मी घाबरून वळून पाहिलं. आई झोपली होती गं. आयुष्यभर जिने गाडीत डोळा मिटला नाही ती यवतेश्वरच्या घाटात तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि लिंबू घरंगळून तिच्या पायाशी पडलं होतं. मी रडले. ह्यांनी पाहिलं, आणि एकही गिअर न चुकवता ते वर घेऊन आले.

तर अक्का, हा कागद तुझ्या उंबऱ्यावर ठेवून मी कडी वाजवणार आहे आणि गाडीत जाऊन बसणार आहे. वाचून झालं की मान वर कर. फाटकाशी लाल गाडी दिसेल, आणि तिच्यात आई. तिला भूक लागली आहे, उतरल्या उतरल्या भाकरी मागणार आहे. ती चार दिवस तुझ्याकडे राहील, त्या घरात, दाजींच्या खोलीत. पाचव्या दिवशी मी येईन, तेव्हा ती मागे बसेल आणि पुढची सीट तुझी. त्या दिवशी नको वाटलं तर नको, मी त्याच्या पुढच्या रविवारी येईन, आणि त्याच्याही पुढच्या. घाट आता मला दूर नाही. पण आज एवढंच कर, दार उघड.

तुझीच,
संयू