पांढरं सूत, तांबडं सूत

अक्कलकोट रोड, सोलापूर
ता. ६ जानेवारी २०२५, सोमवार

ति. जगदेवी अक्कास,

धाकट्या शिवयोगीचा नमस्कार. सिद्धेश्वराच्या कृपेनं इकडं ठीक आहे. तिकडं काव्याच्या नोकरीच्या गावी, कुर्डुवाडीत, तू आणि ती खुशाल असाल.

पाकीट बघून तू म्हणशील, याला आता काय झालं, खिशात फोन असताना कागद काळे करतोय. अगं, फोनवर तू बोलू देतेस का? मी तोंड उघडलं की धाकट्या भावाला तुझं ठरलेलं "तम्मा, जेवलास का?" आणि जेवलो म्हटलं की काय जेवलास. तिथंच माझं धैर्य संपतं. म्हणून पत्र. तीन दिवस लिहितोय. अक्षराला नावं ठेवू नका, काव्याबाईंनीच गिरवून घेतलंय. 'हाय' लिहायचं नाही, 'आहे' लिहायचं, हेही तिनंच शिकवलं. हाताला जमतं, जिभेला अजून जमत नाही.

थंडी लई पडलीय. तुझ्या भावजयीचे, चंद्रिकाचे गुडघे धरलेत, तरी तुझ्यासाठी शेंगाची चटणी कुटून बरणी भरून ठेवलीय. गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे मैदानावर उभे राहायला लागलेत. काव्यानं रजा टाकलीय, तुम्ही दोघी यात्रेला येणार, असं चंद्रिकानं सांगितलं. तू गाडीत बसायच्या आत हे पत्र पोचलं पाहिजे, एवढीच घाई आहे.

पेपरात आलेल्या माझ्या फोटोचं कात्रण तू मागितलं होतंस. ते पाठवत नाही. दुसरा फोटो पाठवलाय, त्याचं शेवटी सांगतो.

काव्या, बाळ, हे पत्र तूच आईला वाचून दाखवणार. तिला अक्षरओळख नाही आणि मला दुसरी वाट नाही. शेजारच्या बाईकडून वाचून घ्यायचं हे पत्र नव्हे. पुढं जे आहे ते वाचताना तुझी जीभ अडखळेल. अडखळू दे, पण गाळू नकोस. एकदा मी गाळलं, त्याचं काय झालं ते खाली लिहिलंय.

अक्का, गेल्या महिन्यात टॉवेलवाल्यांच्या संघटनेनं मला शाल घातली, तेव्हा तू पहिल्या रांगेत बसली होतीस. न शिकलेला माणूस एवढा वर कसा आला ते सांगा म्हणाले. मी सांगितलं. चिंचोळीच्या कारखान्यात बावीस वर्षं रंगखात्यात होतो. नवा डिप्लोमावाला साहेब आला, म्हणाला, वाचता येत नाही त्याला मास्तर ठेवणार नाही. मी घरी आलो, परसात एक लोखंडी टाकी मांडली, आणि आज माझ्या शेडमध्ये साठ माणसं काम करतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू डोळे पुसत होतीस.

त्यातलं एक अक्षर खोटं नाही. पण मधले नऊ दिवस मी सांगितले नाहीत.

त्या दिवशी माझ्याकडं जेवायला बसलो आणि चंद्रिका तुला म्हणाली, दाजींना जाऊन चार महिने झाले, घरात फोटो लावला का. तुझं उत्तर माझ्या कानातून जात नाही.

"दारूनं डोळं घालवलं त्या मानसाचा फोटो कशाला? लावायचाच तर माझ्या तम्माचा लावीन. त्यानं घर सांभाळलं."

काव्या ताटावरून उठून गेली. मी मान खाली घालून कडक भाकरी मोडत बसलो. खरं म्हणजे तिथंच बोलायला हवं होतं. मी आणखी चटणी मागितली.

अक्का, दाजी त्या दिवशी प्याले नव्हते.

रविवारी प्यायचे, ते तुला ठाऊक, मला ठाऊक, सगळ्या गल्लीला ठाऊक. तो दिवस गुरुवार होता. त्यांना दारूनं आंधळं केलं नाही. कुणी केलं ते सांगतो, पण आधी दुसरं एक सांगावं लागेल, ज्याची दाजींनी मरेपर्यंत लाज धरली. त्यांचं झाकलेलं मी उघडं करतोय. हा माझा दुसरा गुन्हा समज.

नागप्पादाजींना वाचता येत नव्हतं. सातवी पास म्हणून लग्नाच्या बोलण्यात सांगितलं ते खोटं. कारखान्याच्या फॉर्मवर लिहिलं तेही खोटं. तुलासुद्धा त्यांनी कळू दिलं नाही. काव्या, तू लहान असताना वही दाखवायचीस आणि ते ओळीवरनं बोट फिरवून "बरोबर हाय" म्हणायचे. तू चुकलेलीही बरोबर असायचीस. मला मात्र पहिल्याच महिन्यात कळलं, कारण मीही अंगठाबहाद्दर. चोराची पावलं चोराला.

रंगखात्यात टॉवेल पांढरे करायचं औषध, ॲसिड, साबणाचं पाणी, सगळं एकसारख्या निळ्या कॅनमधून येतं. आत बघशील तर तिन्ही पाण्यासारखं. वर लिहिलेलं इंग्रजी. मग मी एक युक्ती काढली. कॅनच्या कानाला सूत बांधायचं. पांढरं करायच्या औषधाला पांढरं सूत, ॲसिडला तांबडं, साबणाला हिरवं. नवा माल आला की वास, फेस बघून मी ओळखायचो आणि बांधायचो. पंधरा वर्षं मी आणि दाजी त्या सुतावर चाललो. एक टॉवेल बिघडला नाही. दाजी तर म्हणायचे, अक्षर खोटं बोलंल, शिवाचं सूत बोलणार न्हाय.

साहेबानं मला काढलं त्या दिवशी सगळ्यांना गोळा केलं. माझ्या हातात एक कॅन दिला आणि म्हणाला, मास्तर, एवढं वाचून दाखवा, तुमची नोकरी पक्की. बावीस वर्षं ज्या खात्यात माझ्या शब्दाशिवाय पाणी तापत नव्हतं, तिथं मी कॅन हातात धरून उभा. दोघंजण हसले. ज्यांना मी काम शिकवलं तेच.

माझं डोकं फिरलं, अक्का. सूत कापायची कातरी घेतली आणि एकेका कॅनचं सूत कापून खिशात घातलं. मोठ्यानं म्हटलंसुद्धा, माझी अक्कल मी घेऊन चाललो, आता तुम्ही वाचा तुमचं इंग्रजी. लई मर्दुमकी वाटली तेव्हा.

दाजी सगळं बघत होते. गेटपर्यंत माझ्यामागं धावत आले. ओले हात, पायात रबरी बूट. धाप लागलेली.

"शिवा, दोन तरी बांधून जा. पांढरं अन् तांबडं. बाकीचं मी बगतो."

मी काय म्हणालो, ते आज पहिल्यांदा लिहितोय. मी म्हणालो, "साहेबाला विचारा की."

मला ठाऊक होतं की ते विचारू शकत नाहीत. विचारलं असतं तर सातवी पासचं खोटं बाहेर पडलं असतं आणि माझ्यामागून त्यांचीही नोकरी गेली असती. काव्याची बारावी होती त्या वर्षी. सगळं ठाऊक असून म्हणालो. ज्यांनी मला कधी दुखावलं नाही, त्यांच्यावरच राग काढून घरी आलो.

आठ दिवस त्यांनी कसं निभावलं, देवाला ठाऊक. कॅन कुठं ठेवलाय ते लक्षात ठेवून असतील. नवव्या दिवशी कुणीतरी झाडताना कॅन हलवले. टाकी तापलेली होती. पांढऱ्याचा म्हणून उचलला, तो तांबड्याचा निघाला. उकळत्या टाकीत ॲसिड पडलं आणि सगळं उसळून त्यांच्या तोंडावर आलं.

पुढचं तू पाहिलंस. कारखान्यानं आपली मान सोडवायला कागदावर 'नशेत होता' असं लिहिलं. तू दवाखान्याच्या व्हरांड्यात माझा हात धरून विचारलंस, "तम्मा, खरं सांग, प्याला होता का?" मी म्हणालो, "मी तिथं नव्हतो, अक्का." एवढंच म्हणालो. तू जे समजायचं ते समजलीस आणि मी समजू दिलं.

आणि ज्याला लोक माझं यश म्हणतात, ते तिथून सुरू झालं. चौकशीसाठी कारखान्याचं रंगखातं दोन महिने बंद राहिलं. अडलेल्या व्यापाऱ्याला तेच पांढरे टॉवेल घाईनं करून हवे होते आणि गावात मोकळी टाकी एकच होती, माझ्या परसातली. माझ्या धंद्याचं पहिलं काम म्हणजे दाजींच्या हातून राहिलेलं काम. ते टॉवेल इतके स्वच्छ निघाले की व्यापारी परत दुसरीकडं गेलाच नाही. मी शिकलो नाही तरी वर आलो म्हणतात. कशावर पाय ठेवून आलो, ते कुणी विचारत नाही.

म्हणून मी दर रविवारी तुझ्याकडं यायचो. तुला वाटायचं, भावाची माया. माया होतीच गं, पण नुसती माया नव्हती. काव्यानं मला तिथंच अक्षरं शिकवली. दाजी बाजेवर बसून ऐकायचे. एकदा ती पाणी आणायला आत गेली, तेव्हा ते माझ्याकडं तोंड करून हळूच म्हणाले,

"सुताचं कुणाला बोलला न्हाईस न्हवं? मीबी न्हाय. बिडो शिवा, सोड ते. पोरीला कळंल, बापाला वाचता येत न्हवतं."

माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. आठ वर्षं बायकोच्या तोंडून दारुडा ऐकून घेतलं त्यांनी, पण लेकीपुढं अडाणी ठरायचं नव्हतं. आणि मी त्यांच्या त्या लाजेआड लपून बसलो. दाजींनीच शपथ घातलीय, मी काय करणार, असं स्वतःला सांगत राहिलो. ऑगस्टमध्ये त्यांना माती दिली तेव्हा मनात पहिला विचार आला तो हा, की आता कुणाला कळणार नाही. अक्का, तुझा भाऊ असा माणूस आहे.

काव्या, तुझ्या बापाला वाचता येत नव्हतं यात लाज काही नाही. लाज माझी आहे. मी त्यांचे डोळे होतो आणि मीच ते कापून खिशात घातले.

हाच सगळा मजकूर मी दुसऱ्या कागदावर लिहून आज सकाळी वकिलाकडं दिलाय. खाली माझी सही आहे. 'नशेत होता' हे कारखान्याच्या कागदावरून काढायला लागणार. त्यात माझं काय व्हायचं ते होईल. संघटनेला शाल परत पाठवलीय. चंद्रिकाला काल सांगितलं.  तिनं तुझ्यासाठीची बरणी फळीवरून काढून पिशवीत घातली.

आता फोटोचं. दाजींच्या गेटपासावरचा होता, तो मोठा करून घेतलाय. डोळे असतानाचा आहे. चेहरा ताणलेला वाटेल, फोटोवाल्यानं हलू नका म्हटलं होतं. तो भिंतीवर लाव. माझा कुठंही लावू नकोस.

शुक्रवारी दुपारच्या गाडीनं तुम्ही येणार. मी सोलापूर स्टेशनवर येईन, पण पुढं येणार नाही. चहाच्या टपरीपाशी उभा राहीन. बरणीची पिशवी हातात असेल. तू न बघता रिक्षात बसलीस तरी मी काही म्हणणार नाही, पिशवी काव्याच्या हातात देऊन घरी येईन. एक जरी हाक मारलीस तर मी येतो.

पत्राखाली 'तुझा तम्मा' असं लिहायचं, हे काव्यानं गिरवून घेतलं होतं. आज खरंच पत्र लिहितोय, आणि तो शब्द लिहायला हात होत नाही. म्हणून पाळण्यातलं नाव लिहितो.

शिवयोगी