हात सोडायचा नाही

९ मार्च
पोहोचलो! आसेन गावाहून या उपचारकेंद्रापर्यंत सायकलनं. तीनदा रस्ता चुकलो, त्यात एकदा मुद्दाम. कालव्यावर हंस भांडत होते, ते बघत बसलो. फाटकात इथल्या मदतनीस योरिसनं विचारलं, तू सायकल आणलीस की सायकलनं तुला? टीनेकेबाईंनी वाटाण्याचं घट्ट सूप वाढलं. चार वर्षं, सात तऱ्हेच्या गोळ्या, तरी माझं नैराश्य हटेना, म्हणून इथे. मशरूमपासून केलेलं औषध एकदाच घ्यायचं, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, आणि ही दोघं सहा तास शेजारी. हे शेवटचं दार. पुढे मला तरी दिसत नाही काही.

११ मार्च
औषध घेताना काय हवंय ते लिही, टीनेकेबाई म्हणाल्या. मी लिहिलं: हात धरा, सोडू नका. बाई हसल्या. सीब्रेन, पोरा, चाळीस वर्षं नर्स होते, लघवीसुद्धा दाबून धरीन, पण हात नाही सोडणार! हात धरायची तालीमही केली. त्यांचा तळवा कोरडा, उबदार.

१४ मार्च
झालं. काळ्या पाण्यात खोल खोल गेलो, पण डावा हात धरलेला होता. एक क्षणही सुटला नाही. छातीवरचा दगड गेला! पाव-लोणी किती गोड लागलं! बाईंच्या गळ्यात पडलो. त्या अवघडल्या, का कोण जाणे.

१५ मार्च
संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर, आमच्याकडे घरोघरी असतं तसं. बसल्या बसल्या वाचलं: १४ मार्च, योरिस. म्हणजे काल! वाढदिवस एकाचा, अभिनंदन सगळ्यांचं, या आम्हा डच लोकांच्या रीतीनं त्याचं अभिनंदन केलं, मग बाईंचंही. त्यांचा चेहराच उतरला. फ्रिजमध्ये अर्धा केक. खोदून विचारल्यावर रडल्या. खाली वाढदिवसाला सगळे गोल बसून वाट बघत होते रे, नाही म्हणता येईना, पाचच मिनिटं म्हणून दोघं गेलो. पाचाचा झाला पाऊण तास. परत आल्या तर माझी मूठ हवेत, कशावर तरी घट्ट मिटलेली. त्यांना वाटलं, बरा आहे. पुन्हा धरलाच नाही.
मग संध्याकाळपर्यंत माझा हात—

१६ मार्च
डाव्या मनगटाच्या खाली चार बोटांच्या खुणा. ओल्या. योरिस म्हणतो, औषधाचा अंमल आहे, उतरेल. त्याच्याकडे बघवत नाही. केकसाठी. मला तिथे काळ्या पाण्यात सोडून, केकसाठी—

१७ मार्च
उतरला नाही. बाईंचा हात कोरडा होता. हा गार. सायकलचं हँडल धरता येत नाही, बोटांत बोटं आहेत.
बाईंना म्हटलं, धरा आता. त्यांनी हात पुढे केला आणि किंचाळल्या. जागाच नव्हती.

१८ मार्च
अट मीच लिहिली होती. पाळतंय ते हेच एक. कालव्याच्या बाजूला ओढतंय. दोघांना हाका मारल्या, कुणी—
आता उजव्या मनगटालाही ओल—
सोडा म्हटलं तर आणखी घट्ट—